साहेबांच्या दारातला शिरीष

झाडखात्यातल्या साहेबांना सगळं शहर ‘टकटक’ म्हणायचं, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. खांद्याला पिशवी, पिशवीत लाकडी हातोडी, लाल रंगाचा डबा आणि ब्रश. रस्त्याकडेच्या झाडापाशी थांबायचं, खोडाला कान लावायचा आणि हातोडीने टकटक करायचं. ‘टक’ असा आवाज आला की झाड धडधाकट. ‘ढब’ आला की आतून पोकळ. मग खोडावर लाल फुली, आणि थोड्याच दिवसांत करवतवाले हजर. ही सवय अंगात इतकी मुरली होती की कपाट, दरवाजा, भिंत, जे समोर येईल ते साहेब बोटाने वाजवून बघायचे. लेकीने पसंत केलेला मुलगा पहिल्यांदा घरी आला, तेव्हा त्यांनी त्याची पाठ थोपटली ती जरा जास्तच वेळ, आणि तीही मान तिरपी करून. मुलगा बिचारा कौतुक समजला. लेक मात्र कितीतरी दिवस बापाशी धड बोलली नाही.

झाडांचा साहेबांना कधीच त्रास झाला नाही. त्रास होता तो झाडांखालच्या माणसांचा. एकाच्या पन्हळीत पानं अडकायची, दुसऱ्याच्या गाडीवर पक्षी नेमाने हजेरी लावायचे, तिसऱ्याच्या दुकानाची पाटी फांदीआड जायची. झाडं हवीत, सावली हवी, यावर सगळ्यांचं एकमत होतं. फक्त ती समोरच्याच्या दारात असावीत. ऊन तापलं की हीच मंडळी गाडी लावायला सावली शोधत गल्लोगल्ली फिरायची. साहेब सगळ्यांना एकच वाक्य ऐकवायचे, “झाड तुमच्या दारात आहे, तुमचं नाही.” ते अशा काही थाटात म्हणायचे, की तक्रार घेऊन आलेला माणूस निदान जिना उतरेपर्यंत तरी गप्प असायचा.

हे वाक्य जिच्यापुढे चालत नसे अशी एकच व्यक्ती शहरात होती, आणि ती साहेबांच्याच घरात होती. बाईंचं आणि दारातल्या शिरीषाचं वैर अगदी लग्न झाल्यापासूनचं. शिरीषाची पानं बारीक, झाडूला दाद न देणारी. बाई रोज सकाळी फाटकापुढची फरशी लख्ख करायच्या, आणि त्यांची पाठ वळते न वळते तोच झाड पुन्हा अंग झटकायचं. वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळायच्या त्या वेगळ्या.

“अहो, शहरभर करवती चालवता, आणि घरचं एक झाड तोडवत नाही तुम्हाला?”

“अगं, धडधाकट झाड तोडता येत नाही.”

“वाजवून बघितलंत?”

“मला नुसतं बघून कळतं.”

खरी मेख इथेच होती. साहेबांनी ते झाड कधी वाजवलंच नव्हतं. बुंध्याशी बुरशीच्या जाड थाळ्या फुटल्या होत्या. दुसऱ्याच्या दारात त्या दिसल्या असत्या तर साहेबांनी तिथल्या तिथे हातोडी काढली असती. स्वतःच्या दारात दिसल्या की ते चष्मा पुसायला काढायचे. रोज संध्याकाळी ते त्याच झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे. बाई खिडकीतून झाडाला बोलायच्या आणि साहेब ते आपल्यालाच बोलताहेत असं समजून सुखाने ऐकायचे. त्या झाडावर त्यांचा जीव होता, आणि एवढी साधी गोष्ट कबूल करायची त्यांना लाज वाटत होती.

एके दिवशी कोपऱ्यावरचा शिंपी उशांचे अभ्रे घेऊन घरी आला.

“घ्या वहिनी. पुढच्या वेळी मी कुठे असेन, काही सांगता येत नाही.”

“का हो, काय झालं?”

“साहेबांनी माझ्या टपरीवरच्या झाडाला फुली मारली. झाड गेलं की पत्र्याखाली अशी भट्टी पेटेल की इस्त्री तापवायची गरज उरायची नाही.” मग त्याने आवाज खाली आणला, पण आत खुर्चीवर बसलेल्या साहेबांना ऐकू जाईल इतपतच. “राग मानू नका वहिनी, पण तुमच्या झाडाला हातोडी लागलेली कुणी बघितलीय का?”

बाई भडकल्या. नवऱ्याला त्या स्वतः वाट्टेल ते बोलायच्या, पण बाहेरच्याने बोललेलं त्यांना खपायचं नाही. “आमचं झाड ठणठणीत आहे! चला, आत्ता दाखवते,” म्हणत त्यांनी खुंटीवरच्या पिशवीतून हातोडी काढली. साहेब “अगं, अगं” करत उठेपर्यंत त्या फाटकाबाहेर पोचल्या होत्या.

ढब.

असा भरदार आवाज, की समोरच्या दुकानातून दोन डोकी बाहेर आली. बाईंनी दुसऱ्या बाजूने टोला हाणला. पुन्हा ढब.

“हातोडीच बिघडलीय,” बाई म्हणाल्या. लाकडाच्या हातोडीत बिघडण्यासारखं काय असतं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. साहेब चष्मा पुसत होते.

“तुम्हाला माहीत होतं.”

“अंदाज होता.”

आणि मग उभा जन्म त्या झाडाच्या मुळावर उठलेल्या बाई खोडाला पाठ लावून उभ्या राहिल्या. “याला कुणी हात लावायचा नाही!” आपण हे काय बोललो, याचं सगळ्यात जास्त आश्चर्य त्यांनाच वाटलं. पण आता माघार कसली? “पोकळ म्हणजे किती पोकळ? नळसुद्धा पोकळच असतो, म्हणून काय मोडतो?”

साहेबांनी घसा खाकरला. “ते मोजायचं यंत्र आहे ऑफिसात. त्याची लांब फिरती सुई खोडात घालायची, म्हणजे बाहेरचं लाकूड किती जाड उरलंय ते कळतं.”

“मग ते का नाही वापरत?”

“फार जड आहे. कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. आणि माझा कान इतका तयार आहे की...”

“तुमचा कान! मी भाजी आणायला सांगते ते ऐकू येत नाही, आणि झाडाच्या पोटातलं बरं ऐकू येतं!” शिंपी आपल्या शर्टाचं बटण निरखू लागला. “उद्या ते यंत्र खाली काढा. दोन्ही झाडं मोजायची. आधी यांचं.”

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर ही गर्दी. साहेबांनी सगळीकडून सुई घातली. शिंप्याचं झाड मधोमध पोकळ होतं खरं, पण भोवतीचं लाकूड चांगलं जाडजूड. “वरच्या जड फांद्या हलक्या केल्या की उभं राहील हे,” साहेब म्हणाले, आणि रॉकेलच्या बोळ्याने स्वतःची फुली त्यांनी स्वतःच पुसली. शिंपी इतका खूश झाला, की यंत्राला फुकट खोळ शिवून देतो म्हणाला.

मग सगळी वरात साहेबांच्या दारात आली. सुई शिरीषात शिरली आणि लगेच मोकळी फिरायला लागली. दुसरीकडे घातली, तिसरीकडे घातली, तेच. लाकूड उरलं होतं जेमतेम दोन बोटं. साहेबांनी यंत्र बंद केलं.

“जोराचं वारं सुटलं, तर...”

“शाळेची पोरं इथूनच जातात,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी रंगाचा डबा उघडला, आणि त्यांचा हात काही वर जाईना. रंग पातळ झालाय, म्हणाले. ब्रश कडक झालाय, म्हणाले. “उद्या मारतो फुली. जरा शांतपणे विचार करून...”

बाईंनी त्यांच्या हातातून ब्रश घेतला.

“झाड आपल्या दारात आहे,” त्या हळूच म्हणाल्या, “आपलं नाही.”

त्यांनी मारलेल्या फुलीचा एक पाय लांब आला, एक आखूड. मग त्या आत गेल्या आणि बराच वेळ भांडी आपटत राहिल्या.

झाड गेलं. बाई सकाळी झाडू घेऊन बाहेर यायच्या आणि नुसत्या उभ्या राहायच्या. झाडायला काही नसायचं, म्हणून शेजाऱ्यांची फरशी झाडून परत यायच्या. घरात तक्रार म्हणून उरली नाही, आणि ती शांतता साहेबांना खायला उठायची. शेवटी त्यांनी रजा टाकली आणि नळाच्या पाइपापासून लांब, मोठा खड्डा खणला.

“आता तरी कचरा न करणारं झाड आणा,” बाई म्हणाल्या.

“तसलं झाड प्लॅस्टिकचं मिळतं.” त्यांनी शिरीषच आणला.

रोप बोटभर जाडीचं. बाई भाजी धुतलेलं पाणी त्याला घालायच्या, आणि कुणी बघितलं तर “दुसरीकडे ओतायला जागाच नाही” म्हणायच्या. साहेबांनी एकदा सवयीने नखाने खोड वाजवलं, तर बाईंनी त्यांच्या हातावर चापट मारली. “लहान आहे अजून ते!”

आणि एका सकाळी बाहेरून आरडाओरडा. “अहो! आधी बाहेर या!”

साहेब अर्ध्या गालावर साबण घेऊनच धावले. बाई झाडू घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. फरशीवर शिरीषाची चिमूटभर पिवळी पानं पडली होती.

“बघा! झाला याचा कचरा सुरू!”

“अगं...”

“माहितीय मला, तोडता येणार नाही. आता जन्मभर हेच,” म्हणत बाईंनी पदर खोचला आणि एवढ्याशा पानांसाठी अख्खी फरशी झाडायला घेतली. साहेब साबण पुसायचं विसरून, खुर्ची आणायला आत गेले.