टॅकेटचा चेहरा

एमिल ह्लावाटीचा छंद कळला की लोक आधी हसायचे आणि मग त्याच्या तोंडाकडे बघून गप्प व्हायचे. क्लीव्हलंडमध्ये बेसबॉलची, म्हणजे खेळाडूंचे फोटो नि नावं छापलेली, कार्डं जमवणारे गल्लोगल्ली सापडतील. बुटांच्या खोक्यांत, बिस्किटांच्या डब्यांत, तळघरात, जिथे हात घालाल तिथे कार्डं. पण प्रत्येकाला हवा असतो नावाजलेला खेळाडू. एमिलचं सगळंच उलटं. आपल्या गावच्या संघात जो आला आणि बूड टेकायच्या आत गेला, ज्याचं नाव त्याच्या सासूनेही आठवड्यात विसरावं, असा एखादा दिसला की एमिलचा जीव त्याच्यावर जडलाच म्हणून समजा. आमच्याकडे अशा खेळाडूला 'कॉफी प्यायला आलेला' म्हणतात. एमिलकडे असे कॉफीवाले तीन जाडजूड अल्बम भरून होते.

"काय रे एमिल, धर्मशाळा भरली का?" ओटिस ग्रेडी विचारायचा. ओटिस कार्डांचा जुना विक्रेता आणि एमिलचा, म्हटलं तर, एकुलता एक मित्र.

"आहे अजून जागा. येतोस?"

"मी कुठे खेळलोय?"

"म्हणून तर तुला घेत नाही."

एवढा विनोद झाला की एमिलचा महिन्याचा कोटा संपायचा. बोलायची सवयच राहिली नव्हती त्याला. पाणीखात्यात मीटर वाचायच्या नोकरीत त्याचा जन्म गेला, तोही लोकांच्या तळघरांत. दारात उभं राहून "पाणी!" अशी हाक द्यायची, आतून "उघडंच आहे" असं उत्तर यायचं, खाली उतरायचं, आकडा टिपायचा आणि निघायचं. इतक्या वर्षांत इतक्या घरांत जाऊन आला, पण 'तुझं नाव काय रे बाबा' असं कुणी विचारलं नाही. बायको होती, रोझमेरी. चार वर्षं संसार करून ॲरिझोनाला निघून गेली. भांडण नाही, तंटा नाही. "तुझ्या घरात फार शांतता आहे," एवढंच म्हणाली. तसं पाहिलं तर तीही कॉफी पिऊनच गेली, पण हे एमिलसमोर बोलायची ओटिसचीसुद्धा छाती नव्हती.

दर महिन्याच्या एका रविवारी शेजारच्या पार्मा गावातल्या चर्चच्या तळघरात कार्डांचा बाजार भरायचा. एमिल तिथे भाडं भरून टेबल घ्यायचा, तिन्ही अल्बम उघडून मांडायचा आणि पुढे पाटी ठेवायचा: 'विकायला नाही'. भाजीबाजारात गाळा घ्यावा आणि भाजी नुसती दाखवावी, तसला हा कारभार. लोकांना तो चक्रम वाटे. वाटू दे. माणसं थांबत होती ना? कुणीतरी कार्डावर बोट ठेवून "हा कोण बुवा?" विचारत होतं ना? मग एमिल सांगायचा. कोण कुठल्या खेड्यातून आला, किती सामने टिकला, का परत गेला. सांगताना त्याचा आवाज मोकळा व्हायचा. ऐकणारा पुढच्या टेबलाकडे सरकला की पुन्हा बंद.

त्याची एकच इच्छा होती. यांतला एखादा तरी कधीतरी टेबलापलीकडे येऊन उभा राहावा, आणि त्याला सांगता यावं की बाबा रे, जग विसरलं असेल, मी नाही विसरलो. या एका इच्छेवर त्याचे हिवाळे निघत होते. बरं, ही इच्छा एकदा अंगाशीही आली होती. एक गृहस्थ आले, मी अमुक खेळाडू म्हणाले, एमिलच्या पैशाने पोटभर पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, हाणल्या, कार्डावर झोकात सही ठोकली. नंतर कळलं की ते टायर विकतात आणि जन्मात बॅटला शिवलेले नाहीत. तळघरभर एमिलचं हसं झालं. त्याने कानाला खडा लावला.

सगळ्या कॉफीवाल्यांत त्याचा लाडका होता व्हर्न टॅकेट. केंटकीच्या डोंगरातला पोरगा, गावच्या संघाकडून सहा सामने खेळला आणि त्यांत एकच फटका त्याला साधला. तो फटका एमिलने डोळ्यांनी पाहिला होता. तेव्हा तो विशीतला होता, एकटाच गेला होता, सगळ्यांत स्वस्त बाकांवर, जिथून चेंडूही धड दिसत नाही तिथे चेहरे काय दिसणार. चेहरा त्याला नंतर कार्डावर भेटला. कुरळे केस, निमुळती हनुवटी, किंचित घाबरलेले डोळे. चाळीस-पंचेचाळीस वर्षं तो चेहरा एमिल रोज बघत होता. स्वतःच्या भावाचा बघितला नसेल इतका.

एका फेब्रुवारीत, गावाला लागलेल्या सरोवरावरून बर्फाचा मारा चालू असताना, एक म्हातारा जिना उतरून खाली आला. अंगात जुना कोट, मोठाले कान थंडीने लाल झालेले. टेबलाटेबलापाशी थांबत, पाट्या वाचत तो एमिलपर्यंत आला.

"साहेब, तुमच्याकडे टॅकेट आहे का?"

टॅकेट! आजवर कुणी हे नाव आपणहून घेतलं नव्हतं. एमिलला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. त्याने झटकन पान उघडलं. म्हातारा वाकला आणि बराच वेळ बघत राहिला.

"हा मी नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"टॅकेट मी. पण हा मी नाही. हा दुसराच कोणीतरी आहे."

एमिलचा चेहरा उतरला. पुन्हा तेच! शेजारच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "एमिल, पिरोगी मागव रे! पाहुणे आलेत!" आणि सगळे खो खो हसले.

"अहो बाबा," एमिल म्हणाला, आणि त्याच्या आवाजाला एरवी नसलेली धार आली, "या पोराला मी रोज बघतो. हे केस, ही हनुवटी. तुमचं यातलं काय जुळतंय? निदान थापा मारायच्या आधी कार्ड तरी बघून यायचं."

म्हातारा चिडला नाही. उलट गोंधळल्यासारखा झाला. "साहेब, मी भांडायला नाही आलो. तुम्हाला सगळं ठाऊक असतं असं ऐकलं, म्हणून विचारायला आलो. हल्ली माझं मलाच नीट आठवत नाही. म्हणजे, मी खेळलो नव्हतो?"

"नाही. तुम्ही नव्हता खेळलात."

"बरं," म्हातारा म्हणाला. "तुम्ही म्हणता तर तसंच असेल." कार्डावरून त्याने बोट उचललं, टोपी सारखी केली आणि एकेक पायरी धरत जिना चढून गेला. यावेळी आपण फसलो नाही, या समाधानात एमिलने उरलेला दिवस काढला.

पानगळ सुरू झाली तेव्हा ओटिसला कुठल्याशा घरातल्या अडगळीत जुने फोटो मिळाले. त्यांत गावच्या संघाचा, त्या वर्षीचा, सगळ्या खेळाडूंना रांगेत उभं करून काढलेला फोटो होता. खाली ओळीने नावं. ओटिसने तो एमिलसमोर ठेवला. एमिलने सवयीने आधी टॅकेट शोधला. तिसऱ्या रांगेत नाव होतं. नावावर बोट ठेवून त्याने चेहऱ्याकडे पाहिलं.

मोठाले कान. तेच.

कुरळ्या केसांचा पोरगा त्याच्या शेजारीच उभा होता. नाव भलतंच. तो तर एकही सामना खेळला नव्हता. कार्ड छापणाऱ्यांनी शेजारच्याचा फोटो उचलून टॅकेटच्या नावावर छापला होता.

"काय झालं रे?" ओटिसने विचारलं.

"माणूस आला होता ओटिस. खरा माणूस आला होता, आणि मी त्याला हाकलला."

ओटिसने विनोद केला नाही. फोटोचे पैसेही घेतले नाहीत.

फोनच्या पुस्तकात टॅकेट नावाची मोजकीच घरं होती. तिसऱ्या फोनवर एका बाईने सांगितलं, "व्हर्नकाका ना? आमच्याकडेच असतात. मी वाँडा, त्यांची पुतणी. तुम्ही कोण?" आपण कोण हे एमिलला चटकन सांगता येईना. "बेसबॉलवाला," तो कसाबसा म्हणाला.

शनिवारी तो गेला. वाँडाने दार उघडलं, पण आत घेण्याआधी तिने ते पाठीमागे ओढून घेतलं.

"आधीच सांगते, काका आता पूर्वीसारखे नाहीत. कधी मला ओळखतात, कधी नाही. आणि बेसबॉलचं म्हणाल तर जन्मभर सांगत आले, मी मोठ्या मैदानावर खेळलोय म्हणून. आम्ही पोरं टिंगल करायचो. गेल्या हिवाळ्यात मला न सांगता बसने कुठेतरी गेले, आणि आले ते म्हणाले, 'वाँडा, मी नव्हतो गं खेळलो. तिथे एक जाणकार माणूस आहे, त्यानं सांगितलं.' त्यानंतर पुन्हा विषय नाही. तुम्हाला सांगते, टिंगल करत होतो तेच बरं होतं."

एमिलला वाटलं, इथूनच परत फिरावं. पण फिरून जाणार कुठे? घरी कोण होतं?

स्वयंपाकघरात व्हर्न शिजवलेले घेवडे आणि मक्याचा पाव खात बसला होता. एमिलला पाहून तो हसला, जसं कुठल्याही पाहुण्याला पाहून हसावं तसं. एमिलने फोटो टेबलावर ठेवला.

"हे बघा. हे तुम्ही."

व्हर्न चमचा धरून वाकला. "कान आहेत खरे माझ्यासारखे," तो म्हणाला. "पण मी नाही हो. मी नव्हतो खेळलो. एका माणसानं सांगितलं मला. त्याच्याकडे सगळ्यांची कार्डं आहेत."

"तो माणूस मीच. मी चुकलो, टॅकेटसाहेब. कार्डावरचा फोटो चुकीचा होता. मी तुमचं ऐकायला हवं होतं. मला माफ करा."

व्हर्नने त्याला निरखून पाहिलं. मग मान हलवली, अगदी समजूत घातल्यासारखी. "छे छे. तो तुम्ही नव्हेत. तो फार हुशार माणूस होता. त्याचं चुकणार नाही."

वाँडा ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. एमिलला रडू आवरेना, पण रडून भागणार नव्हतं. त्याने खुर्ची ओढली आणि सांगायला सुरुवात केली. ऑगस्टमधली दुपार होती. निम्मं मैदान रिकामं. डोंगरातला एक पोरगा बॅट घेऊन उभा राहिला, पाय लटपटत असावेत. पहिला चेंडू सोडला, दुसरा हुकला. तिसरा असा हाणला की डावीकडच्या दोघांच्या मधून सरळ कुंपणापर्यंत गेला. तो धावत दुसऱ्या बेसवर पोचला, टोपी पडली होती, आणि तो तिथे उभा राहून हसत असावा. लोक फार नव्हते, पण जेवढे होते तेवढे उठून उभे राहिले. मीही उठलो होतो.

व्हर्नचा चमचा हवेतच थांबला होता. गोष्ट ऐकणाऱ्या पोरासारखे त्याचे डोळे मोठे झाले होते.

"मग?"

"मग आठवड्याने त्याला परत पाठवला."

"अरेरे." त्याला खरोखर वाईट वाटलं. त्याने फोटोतल्या त्या मोठ्या कानांच्या पोरावर बोट ठेवलं, बराच वेळ काहीतरी आठवू पाहिलं आणि शेवटी एमिललाच विचारलं, "चांगला होता हो पोरगा. कुठे असतो तो आता?"