हललं की चौकोन

केबलवाल्याकडे किस्से साचतात ते बिघडलेल्या सेट-टॉप बॉक्ससारखे. कंपनी परत नेत नाही आणि आपल्याच्यानं फेकवत नाहीत! अठरा वर्षं कर्जत-खालापुरात मी वायरी ओढतोय. "एचडी घ्या, चित्र काचेसारखं दिसेल," असं घरोघर मीच सांगत फिरलो. कंपनीनं प्रत्येक चॅनलच्या वाट्याचा डेटा कापला आणि खोटा पडलो मी!

*

डेटा कापला म्हणजे काय, असं लोक विचारतात. कशेळ्याच्या नाक्यावर एका जीपमध्ये वीस माणसं कोंबतात ना, तसे हे एका वाटेत चॅनल कोंबतात. बातम्या वाचणारी बाई जागची हलत नाही, ती छान दिसते. कोणी पळालं की चित्राचे चौकोन!

*

मोहोपाड्याच्या कॉलनीत एक रिटायर्ड केमिस्ट आहेत. चौकोन दिसतात म्हणून त्यांनी माझं न ऐकता पंचावन्न इंची टीव्ही आणला. दुसऱ्या दिवशी फोन, "अहो, आता चौकोनपण मोठे दिसतात!"

*

मी तणतणत कंपनीच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी रिमोट दाबून स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा दाखवला. "हे बघा, १०८०. एचडीच आहे."

म्हटलं, "साहेब, फाटकं चित्र ताणून बॉक्स १०८० करतो. पोत्यावर बासमती छापून आत रेशनचा तांदूळ भरला, तर तो बासमती होतो का?"

साहेब नुसते हसले. ते हसणं आठवलं की अजून डोकं फिरतं.

*

घरी आलो तर बायको मोबाइलवर मॅच बघत बसलेली! म्हणाली, "तुमचं एचडी पाहुण्यांना दाखवा."

*

आणि पोशीरच्या अनुसयाकाकू. त्यांची लेक पल्लवी राज्याच्या संघातून कबड्डी खेळणार होती, पहिल्यांदाच टीव्हीवर दिसणार होती. आदल्या दिवशी काकूंनी माझ्याकडून एचडी चालू करून घेतलं.

"तिचं तोंड नीट दिसंल ना रं?"

"दिसणारच, काकू!" हे मीच बोललो.

मॅचला सगळी आळी ओटीवर जमली, मीही होतो. पल्लवी चढाईला गेली आणि नुसते चौकोन पळायला लागले! काकू टीव्हीला नाक लावून विचारतायत, "यातली आपली कंची?"

मी तिथूनच साहेबांना फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. स्पीकरवर शांतपणे उत्तर आलं, "पळताना असं होणारच. प्लेअर स्थिर असला की फेस एकदम क्लिअर येतो."

तेवढ्यात चौघींनी पल्लवीला धरून खाली पाडलं. बाद! ती बाकावर जाऊन बसली आणि कॅमेरा तिच्यावर थांबला. कपाळावरची टिकली, ओठावरचा घाम, सगळं लख्ख दिसलं.

काकूंनी टीव्हीपुढे हात जोडले. "बाद झाली त्येच बरं झालं रं. तोंड तरी दिसलं माज्या पोरीचं!"