एसीच्या पाण्यावरचा माड

घर सोडलं तेव्हा बायकोला सातवा महिना होता आणि माझ्या बॅगेत कोंब फुटलेला नारळ. आई म्हणाली, "अरे, वाळवंटात माड कसला नेतोस? खुळा की काय?" आमच्या घरात पद्धत आहे, मूल झालं की बाराव्या दिवशी बापानं माड लावायचा. बाराव्या दिवशी मी बहरीनला असणार, म्हणून माडच बरोबर घेतला. विमानतळावरचा तपासणीवाला त्या कोंबाकडे बघून हसला आणि जा म्हणाला.

गाववाल्यांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, हे त्या माडाबद्दलच लिहितोय.

समुद्राकाठच्या एका रिसॉर्टात मी एसी मेकॅनिक लागलो. सायली झाली, तिच्या बाराव्या दिवशी स्टाफच्या खोल्यांमागे नारळ लावला. पण तिथे पाणी कुठलं? एक तर खारं, नाहीतर विकतचं. मग डोकं चालवलं. एसीतून गळणारं पाणी फुकटच जातं, ते पाइप जोडून माडाच्या बुंध्याशी आणलं. "आखातात सूर्य एक वेळ उगवायचा राहील, एसी बंद पडणार नाही," असं मी अस्लमभाईंना छाती ठोकून सांगायचो. अस्लमभाई म्हसळ्याचे, रिसॉर्टचे ड्रायव्हर. ते म्हणायचे, "सुर्वे, तुझी पोरगी एसीतच वाढणार बघ." आणि खरंच वाढली. फोनवर चेहरे दिसायला लागले तेव्हापासून दर शुक्रवारी मी सायलीला तिचा माड दाखवायचो. दोन वर्षांतून एकदा महिनाभर दिसणारा बाप मी, पण माड शुक्रवार चुकवत नव्हता.

मागच्या वर्षी सुट्टीवर आलो तेव्हा सायलीसाठी स्लॅबची खोली काढली. परसातला एक माड आडवा येत होता. आई म्हणाली, "तो राहू दे रे. खोली पलीकडे बांध." मी उखडलोच. "चार नारळांसाठी नातीची खोली अडवतेस होय?" माणूस बोलावला आणि माड तोडून टाकला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हातारपणी माणसं हट्टी होतात, असं मी बायकोला म्हटलं.

मग यंदा इकडे लढाई आली. सगळ्यांचे मोबाईल एकदम किंचाळले, आकाशात धडाधड आवाज झाले, आणि दोन दिवसांत रिसॉर्ट रिकामं. माणसं ओले कपडे तसेच टाकून गेली हो! सगळ्यांत शेवटी मी. मेन स्विच ऑफ केला, त्यावर 'बंद'चं कार्ड लटकवलं, गेटबाहेर पडलो. इतक्या वर्षांचा सवयीचा हात, आपला आपण गेला. माड आठवला तो कंपनीनं शहरात, हूऱ्याला दिलेल्या खोलीवर पोचल्यावर. पंधरा दिवसांत उघडेल म्हणाले होते. उन्हाळा सरला तरी उघडलं नाही. कंपनीनं आम्हाला तुबलीच्या वर्कशॉपला टाकलं आणि रिसॉर्टला कुलूप घातलं. त्यातच आई गेली. विमानं बंद होती. तिला मी फोनवरच पोचवली. अजून रडू नीट आलेलं नाही.

सायलीला मी माडाचे जुने फोटो पाठवत राहिलो. अठराव्या वाढदिवसाला मात्र ती म्हणाली, "बाबा, फोटो नको. समोर उभे राहून दाखवा." त्याच आठवड्यात कंपनीनं मला नि अस्लमभाईंना एसी दुरुस्तीची हत्यारं आणायला रिसॉर्टवर पाठवलं.

गेट उघडलं आणि वास आला, कुजलेल्या पाण्याचा. स्विमिंग पूल हिरवागार. खुर्च्यांवर टॉवेल होते तसेच, त्यावर बोटभर वाळू. नाश्त्याच्या हॉलमध्ये पदार्थांच्या नावांच्या पाट्या मांडलेल्या, पुढ्यात भांडी पालथी. एका लहान मुलाची पिवळी चप्पल दारात अडकली होती, त्यामुळे दार वाऱ्यानं आपटत होतं. अस्लमभाईंनी ती उचलून बाजूला ठेवली. "मफी, सुर्वे. इथे आता काही नाही. यल्ला, आटप."

मी मागे गेलो. माडाचा नुसता बुंधा उभा होता, शेंड्यावरचं सगळं गळून खाली पडलेलं. पाइप अजून बुंध्याशी तसाच, आत कोरडा ठणठणीत.

सायलीला फोन लावला. खोटं बोलायचं ठरवून गेलो होतो, पण तिचा चेहरा बघितला आणि जमलं नाही. "मेला गं माड. मीच मेन बंद केला. जुने फोटो पाठवून फसवलं तुला."

सायली म्हणाली, "बाबा, आजीनं शपथ घातली होती, पण आता आजी नाही म्हणून सांगते. माझ्या बाराव्या दिवशी आजीनं इथेही माड लावला होता, तुमच्या नावानं. म्हणायची, तो तिथे एकटा त्या एका झाडावर जीव लावून बसलाय. इथलं कळलं तर त्याचा माड खोटा पडेल, सांगू नका." तिनं फोन खोलीच्या खिडकीकडे वळवला. "माझ्या खोलीच्या जागी होता तो."

तोडताना आई पडवीत पाठ करून बसली होती, ते आत्ता डोळ्यांसमोर आलं. एक शब्द बोलली असती तर! पण बोलली असती तर मग ती माझी आई कसली.

अस्लमभाई मला शोधत आले. हत्यारांची पेटी त्यांनीच गाडीत टाकली.

डिसेंबरात व्हिसा संपतोय. या वेळी रिन्यू करणार नाही, कायमचा येतोय. इतकी वर्षं घर म्हणजे पैसे पाठवायचा पत्ता होता. आता घर म्हणजे त्या खोलीतला खिडकीखालचा कोपरा. तिथली लादी खचलीय म्हणे. गवंडी म्हणतो, खाली जुन्या माडाचं खोड कुजतंय, उकरून काढू आणि नवी लादी बसवू. तुमच्यापैकी कुणाला तो भेटला तर सांगा, मी येईपर्यंत लादीला हात लावायचा नाही.