राणेमावशींचा जबाब

राणेमावशी कुणालाही न वाचता सही करू देत नसत. चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत पेन्शनचा कागद आला की तो आधी त्यांच्या दारात जाई. जाड भिंगांचा चष्मा चढवून त्या तो मोठ्याने वाचत आणि विचारत, "समाजला मां? नाय तर परत वाचतंय."

मिलमध्ये त्या वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळत. मिल बंद पडली आणि त्यांनी कामगारांच्या रखडलेल्या पेन्शनसाठी पायपीट सुरू केली. अर्ज मी टाइप करून देई. शेजारचे कदमकाका, त्यांचाच अर्ज अडकलेला, तरी म्हणत, "म्हातारीला स्वतःची पेन्शन सोडवायचीय, दुसरं काय!" मलाही तसंच वाटे.

एकदा पेन्शन कार्यालयाच्या जिन्यात त्या पन्नासेक म्हाताऱ्यांना घेऊन दिवसभर बसल्या. कामात अडथळा आणल्याचा गुन्हा मात्र एकट्या मावशींवर लागला. वकील म्हणाले, "कबूल करा, किरकोळ दंडावर सुटाल."

"मी चुकलंय म्हटलंय तर ह्या सगळ्यांचा मागणाच चुकीचा ठरतला. नाय जमूचा."

मावशींना जाऊन आता दीड वर्ष झालं. खटल्यातून त्या निर्दोष सुटल्या, बऱ्याच जणांची पेन्शन सुरूही झाली. पण मला आठवतो तो त्यांच्या जबाबाचा दिवस.

कोर्टाबाहेर फुटपाथवर शंभरावर माणसं बसली होती. काठ्या, वॉकर, एक आजी तर शीवच्या हॉस्पिटलातून पायाचं ड्रेसिंग करून थेट आलेल्या. घोषणा एकही नाही. मावशींनी बजावलं होतं, "आत दुसऱ्यांचे पण खटले चालतत."

आत न्यायाधीशांनी विचारलं, "तुमची पेन्शन किती वर्षं अडकलीय?"

"माका पेन्शन नाय, साहेब. धा वर्सां नोकरी लागता, ती भरूक सात म्हयने कमी पडले. मिल बंद झाली."

"म्हणजे मिळणारच नाही?"

"नाय."

"मग भांडता कशासाठी?"

मावशींना प्रश्नच कळला नसावा. "बाहेर बसलेत त्यांची धा वर्सां पुरी भरलीत ना, साहेब."

मी बाहेर आलो. फुटपाथवर बसलेल्या कदमकाकांना मावशींचं उत्तर सांगितलं. ते भिंतीला धरून उठले. बातमी रांगेतून सरकत गेली तसा एकेक माणूस उभा राहत गेला.

मावशी दारातून बाहेर आल्या आणि दचकल्या. "काय झाला? पोलिसांनी उठवला?"

"नाही, मावशी," मी म्हणालो.

"मगे बसा की रे! गुडघे दुखतले."

कुणीही बसलं नाही. आयुष्यात प्रथमच त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.