सहदेवच्या टॅक्सीचा हेडर

वागळे इस्टेटमधल्या शिवरामच्या शेडमध्ये रेसवाले यायचे. इंजिनाचा धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या चार नळ्यांचा जोड, म्हणजे हेडर, तो हाताने वाकवून वेल्ड करायचा. पाइप कापण्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याचा एकच प्रश्न असे: गाडी कुठे पळणार? ट्रॅकवर सतत सुसाट फिरणाऱ्या इंजिनाला आखूड, जाड नळ्या. ओझं घेऊन चढणाऱ्याला लांब, बारीक.

१९८८ साली धाकट्या भावाने, सहदेवने, जुनी पद्मिनी घेऊन कल्याणात टॅक्सीला लावली. शेडमध्ये एका रेसवाल्याने न नेलेला हेडर टांगलेला होता. तसल्या हेडरचा आवाज सहदेवने ऐकलेला.

"दादा, मला हाच बसव."

"रेसवाला झालास काय रे? पॅसेंजर घाबरून रिक्षा पकडतील."

"पकडू देत. नाक्यावर सगळे वळून तर बघतील!"

बाप गेल्यापासून सहदेवला शिवरामनेच वाढवलेलं. घरच्या माणसाला कसले प्रश्न विचारायचे? कल्याण-भिवंडी रस्ता तर सपाटच. त्याने हेडर बसवला.

मार्चमध्ये ओतूरहून निरोप आला. धोंडीबामामा शेवटच्या घटका मोजत होता, बहिणीचं नाव घेत होता. आई ठमाबाई, दोघे भाऊ, शिवरामची बायको शेवंती आणि बहीण मंजुळा पहाटेच निघाले. माळशेज घाट लागला आणि गाडीचा दम संपला. दुसरा गिअर टाकला की इंजिन गुदमरायचं. पहिल्यात रेटलं की पाणी उकळायचं. तीनदा थांबावं लागलं. दम का संपला ते शिवरामला पहिल्याच वळणावर कळलं होतं.

"काय झालं रे?" आईने विचारलं.

"गरम झालीय. निघू आत्ता."

"तो थांबायचा नाही रे, शिवा."

ते पोचले तेव्हा माणसं नदीवरून परतत होती. मामी म्हणाली, "दाराकडेच बघत होते, वन्सं. मग ऊन वाढलं, माणसं तरी किती थांबणार?"

पुढच्याच आठवड्यात शिवरामने लांब, बारीक नळ्यांचा हेडर केला. पाच माणसं बसवून घाट चढून बघितला. गाडी एकदाही थांबली नाही.

मामाच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला निघताना त्याने आईला सगळं सांगितलं. "चूक माझी होती. आता गाडी नीट आहे, चल."

ठमाबाईने पिशवी उचलली. "तू मला डेपोपर्यंत सोड," ती म्हणाली, "पुढे एसटी आहे."