डॉक्टरले सांगू नोको

अनसिंगला मी एका डॉक्टरांकडे बरीच वर्षं कंपाउंडर होतो. पेशंट आत डॉक्टरांशी खोटं बोलत आणि बाहेर गोळ्या घेताना मला खरं सांगत. पुढे प्रवेश परीक्षेची वयोमर्यादा उठली आणि केस पांढरे होता होता मी एमबीबीएस झालो. आता त्याच गावात माझा दवाखाना आहे आणि लोक माझ्याशी खोटं बोलतात.

परवा ओळखीची एक मावशी आली. बीपी इतकं वाढलेलं, की मला लकव्याची भीती वाटली.

"गोळ्या रोज घेता ना?"

"घेतो न, डॉक्टरसाहेब."

पूर्वी ती मला बापू म्हणायची. गोळ्या घेऊनही बीपी एवढं असेल तर डोस वाढवायला हवा होता. घेत नसेल तर तोच वाढवलेला डोस तिला भोवला असता.

माझा कंपाउंडर जेवायला गेला होता. मी बाहेर त्याच्या स्टुलावर बसलो आणि मावशीला खिडकीपाशी बोलावलं.

"खरं सांग वं मावशी."

तिने आतल्या रिकाम्या खुर्चीकडे बघून घेतलं.

"दिवाळीपासून बंद हायेत रे बापू. चक्कर येते. पन डॉक्टरले सांगू नोको."

"नाही सांगत."

आत जाऊन मी तिला बोलावलं आणि डोस न वाढवता गोळीच बदलली. "हिनं चक्कर येणार नाही," मी म्हणालो.

"तुमाले कोनं सांगतलं?" मावशीने विचारलं.

मी मान खाली घातली. शब्द मोडल्याचं मला खरोखर वाईट वाटत होतं.

"त्या कंपाउंडरच्या पोटात काईच राह्यत नाई," ती म्हणाली आणि नवी गोळी तिथंच पाण्याबरोबर गिळली.