सुमनचा ऑक्सिजन

मी सुमनच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क काढला तसा काळूने माझा हात धरला.

"म्याडम, तिला दम लागलाय नि तुमी हवाच काढताय?"

काळू किन्हवलीपलीकडच्या पाड्यावरचा मजूर. पलंगावर त्याची बायको सुमन. तीन दिवसांपूर्वी विलास नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर काम करताना तिने कोल्ड्रिंकची बाटली तोंडाला लावली. आत फवारणीचं औषध होतं. एक घोट पोटात गेला, बाकीचं तिने थुंकून टाकलं.

शहापूरजवळच्या आमच्या छोट्या रुग्णालयात विलासच तिला घेऊन आला. "किडीचं औषध हाय," म्हणाला. मी ठरलेले उपचार चालू केले, ऑक्सिजनही लावला. किडीच्या औषधाने डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या होतात. सुमनच्या नेहमीसारख्या होत्या. मला ते दिसलं होतं. ओपीडीत रांग होती, मी पुढे गेले.

तिसऱ्या दिवशी तिची जीभ सोलून निघाली. लघवी कमी झाली. मी विलासला बोलावून बाटलीचं लेबल मागितलं.

"लेबल कुठलं? एक लिटर घेतो नि तिघांत वाटतो. मोठी बाटली मुरबाडला, मेव्हण्याकडं."

"फोन लावा. फोटो मागवा."

फोटो आला. पॅराक्वाट. गवत मारायचं औषध.

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"गवताच्या औषधानं माणूस वाचत नाय, म्याडम. पाड्यावरची लोकं माज्या दारात आली असती."

मी सरळ वॉर्डात गेले आणि मास्क काढला. तिच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा अजून बरा होता, तो घसरेपर्यंत वरून ऑक्सिजन द्यायचा नव्हता. कारण सोपं करून सांगते. आपल्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक चुली असतात. अन्न आणि ऑक्सिजन वापरून त्या शक्ती देतात. चूल बिघडली की धूर करते, म्हणजे ऑक्सिजनचेच चावरे कण सुटतात आणि पेशीला खातात. धडधाकट पेशी अशी चूल हेरते, तिच्यावर खूण करते, पिशवीत गुंडाळून विरघळवते आणि सुटे भाग पुन्हा वापरते. याला मायटोफॅजी म्हणतात. तुमच्या-माझ्यात ही झाडलोट आत्ताही चालू आहे. पॅराक्वाट फुफ्फुसांत साठतं आणि धूर इतका वाढवतं की झाडलोट पुरी पडत नाही. वरून ऑक्सिजन द्याल तेवढी आग भडकते. मी तीन दिवस तेच करत होते.

काळूचा आवाज ऐकून रुग्णालयाचे मालक आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्क लावून ठेवा, आतून हवा बंद ठेवा. लोकांना मास्क दिसला पाहिजे."

"सर, ही फसवणूक आहे."

"मग लोकांनी काचा फोडल्या तर तुम्ही भरणार का?"

मी मास्क लावला नाही. तेवढं एकच धड केलं. दुपारी सुमनला ठाण्याला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. अँब्युलन्समध्ये चढवताना ती काळूला म्हणाली, "घाबरू नको रे, मी बोलतेय ना." खरंच, शेवटपर्यंत ती शुद्धीवर होती, बोलत होती. नवव्या दिवशी गेली.

महिन्याने काळू केसपेपरची नक्कल न्यायला आला. शिव्या देईल असं वाटलं होतं. हळूच म्हणाला, "इलासदादा बोलला, तुमी हवा काढली म्हणून ती गेली. हवा ऱ्हायली असती तर वाचली असती ना?"

काढली म्हणून नाही, लावली म्हणून कदाचित. पॅराक्वाटचा एवढा घोट घेतलेली बहुतेक माणसं तशीही जातात, असं मी स्वतःला समजावते. सोयीचं वाक्य आहे. काळूला मी फक्त "नाही" म्हटलं आणि नकलेवर सही केली.

आता विषबाधेचा पेशंट आला की मी आधी बाटली मागते, बाहुल्या बघते, मग ऑक्सिजनकडे हात नेते. हे शिकायला सुमनचा जीव जावा लागला. विलासचं खोटं पाड्यावर सगळ्यांना पटलं आहे. पहिले तीन दिवस मी काय केलं, ते अजून कुणी विचारलेलं नाही.